मोतद्दाराचा हात : भेदरलेले जनावर शांत करण्याच्या विद्येचा इतिहास



साहित्याच्या व्यासपीठावर एका होमिओपॅथी डॉक्टरने घोड्या-कुत्र्यांना हात कसा लावावा यावर बोलायचे, हे विषयपत्रिकेत वाचून काहींना गंमत वाटली असेल. पण आपले शहर इंदूर आहे. या शहरात आजही पागनीसपागा नावाची वस्ती आहे. ग्वाल्हेरच्या अर्ध्या शहराला लष्कर म्हणतात, कारण दौलतराव शिंद्यांचा तळ तिथे पडला आणि उठलाच नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज होळकरांच्या, शिंद्यांच्या, गायकवाडांच्या घोड्यांच्या मागोमाग इकडे आले आणि इथलेच झाले. पागनीस, पागे, शिलेदार ही आडनावे आपल्या मंडळाच्या सभासदांच्या यादीत सापडतील. घोडा घरातून गेला, पण बोलण्यातून गेला नाही. आपण अजून पोराला लगाम घालतो, कामात खोगीरभरती करतो आणि तोंडात तोबरा भरून बोलू नकोस म्हणतो.

या सगळ्या शब्दांत एक माणूस मात्र मागे राहिला. घोड्याजवळ सर्वांत जास्त वेळ असणारा तो माणूस म्हणजे मोतद्दार. उत्तरेत त्याला साईस म्हणतात. शिलेदार घोड्यावर बसे, पागनीस पागेचा हिशेब लिही आणि मोतद्दार रोज पहाटे खरारा करी. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था दिली आहे. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद, म्हणजे पाणी आणि नाल यांचा बंदोबस्त सरकारने लिहून ठेवला. घोड्याच्या अंगावर हात कसा फिरवायचा, हे कोणी लिहून ठेवले नाही. ते बापाने मुलाला ठाणावर उभे करून शिकवले.

आज मला या न लिहिलेल्या विद्येचा इतिहास सांगायचा आहे. भेदरलेले जनावर स्पर्शाने शांत होते, हे माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. पण या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा आडवा येतो. समोरचे जनावर खरोखर शांत झाले आहे, की त्याने नाद सोडून दिला आहे? दोन्ही जनावरे बाहेरून सारखीच दिसतात, मान खाली घालून उभी. आतून मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर असते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. हा ग्रंथ कित्येक शतके हरवला होता. शामशास्त्र्यांना म्हैसूरमध्ये त्याचे हस्तलिखित मिळाले आणि १९०९ साली तो छापून निघाला. त्या प्रकरणात घोड्याभोवतीची माणसे मोजून दिली आहेत : दोर धरणारा, बांधणारा, चारा आणणारा, दाणा शिजवणारा, ठाण राखणारा, केस विंचरणारा आणि विष ओळखणारा. केसांसाठी वेगळा माणूस नेमला होता, हे ध्यानात घ्या. घोड्यांना दिवसातून दोनदा अंघोळ, चंदन आणि माळा असाव्यात असेही तिथे म्हटले आहे. राजाच्या दृष्टीने ती संपत्तीची निगा होती. पण रोज दोनदा ओळखीचा हात अंगावरून फिरतो तेव्हा घोड्याला काय वाटते, हे त्या केस विंचरणाऱ्यालाच कळत असणार.

ते कळलेला एक लेखक ग्रीसमध्ये होऊन गेला. झेनोफोन हा अथेन्सचा, सॉक्रेटिसचा शिष्य आणि स्वतः कसलेला सेनापती. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात त्याने घोडेस्वारीवर एक छोटे पुस्तक लिहिले आणि त्याच्या आधी याच विषयावर लिहिणाऱ्या सायमनचे ऋण त्यात मानले. शिंगराला माणसाची ओढ कशी लावावी हे सांगताना तो म्हणतो की भूक, तहान आणि माशांचा त्रास यांतून सुटका माणसामुळे होते, असे शिंगराला वाटले पाहिजे. मोतद्दाराने त्याला कुठे हात लावावा, हेही तो सांगतो : जिथे केस दाट आहेत तिथे, आणि जिथे त्रास झाला तर घोड्याला स्वतःला खाजवता येत नाही तिथे. घोड्याजवळ रागात कधी जाऊ नये, असे त्याचे ठाम मत होते. जबरदस्तीने करून घेतलेल्या गोष्टीची समज घोड्याला येत नाही, नर्तकाला चाबकाने नाचवले तर जे होईल तेच इथे होते, असा दाखला तो सायमनच्या आधाराने देतो. हा माणूस दहा हजारांची फौज शत्रूच्या मुलखातून परत घेऊन आला होता. त्याने हे मऊपणाच्या हौसेने लिहिलेले नाही. रणात घाबरणारा घोडा स्वाराचा जीव घेतो, हे तो अनुभवाने जाणत होता.

यानंतर मी आपल्याला एकदम १८५८ सालच्या इंग्लंडमध्ये नेतो, कारण आपला प्रश्न तिथे उघडपणे समोर आला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला जॉन रेरी हा तिशीचा तरुण तिथे घोडे वठणीवर आणण्याचे प्रयोग करून दाखवत होता. राणी व्हिक्टोरियानेही ते पाहिले. लॉर्ड डॉर्चेस्टर यांच्याकडे क्रूझर नावाचा एक शर्यतीचा घोडा होता. तो इतका मारका झाला होता की त्याच्या तोंडाला जड लोखंडी जाळी घालून त्याला कोंडून ठेवावे लागे. रेरीने काही तासांत त्याला हाताशी आणले आणि नंतर लंडनच्या लोकांपुढे उभे केले.

रेरीच्या पद्धतीचे दोन भाग होते. पहिल्या भागात तो घोड्याचा एक पुढचा पाय दुमडून पट्ट्याने बांधी. मग दुसऱ्या पुढच्या पायाला पट्टा लावून तोही ओढून घेई. घोडा झटापट करी, दमे आणि शेवटी जमिनीवर पडून राही. दुसऱ्या भागात रेरी त्याच्या शेजारी बसून मान, पोट, पाय असे सारे अंग हलक्या हाताने चोळी आणि हळू आवाजात बोलत राही. चाबूक आणि उपासमार हीच जिथे रीत होती, तिथे त्या काळात हे मोठे पाऊल होते. रेरीला दयाळू म्हटले गेले, आणि त्याच्या समकालीनांशी तुलना केली तर ते खोटे नव्हते.

पण मी जैन घरात वाढलो. आमच्याकडे श्रावकाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला डाग लावणाऱ्या पाच गोष्टी, लहानपणी पाठ करून घेतात : बांधणे, मारणे, अवयव छेदणे, पेलवणार नाही इतके ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. ही यादी ऐकली की डोळ्यांपुढे माणूस येत नाही, दावणीचे जनावर येते. घोडा मोडण्याच्या जगभरच्या जुन्या रीती या पाचांतच बसतात. रेरीने त्यांतल्या चार टाळल्या, पहिली ठेवली. म्हणून त्याचा घोडा जमिनीवर स्वस्थ पडलेला असताना त्याच्या अंगावर फिरणारा हात त्याला दिलासा देत होता, की हरल्याची खूण पटवत होता, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

हा फरक ओळखायला पुढे प्रयोगशाळेची मदत झाली, आणि तिथे किंमत कुत्र्यांनी मोजली. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला नेवा नदीचा पूर आला. पाव्हलॉव्ह यांच्या संस्थेतल्या कुत्र्यांना पाण्यातून पोहत बाहेर काढावे लागले. त्यानंतर काही कुत्र्यांची आधी शिकलेली सारी प्रतिसादांची घडी विस्कटली. एका कुत्र्याच्या बाबतीत असे दिसले की प्रयोग करणारा माणूस नेहमीसारखा भिंतीपलीकडे न राहता त्याच्याजवळ खोलीत बसला, की हरवलेले प्रतिसाद परत येत. घंटा आणि लाळ यांच्या गणितात माणसाची सोबत हा आकडा कोणी धरलाच नव्हता.

हॉर्सली गँट हे अमेरिकन डॉक्टर त्या दशकात पाव्हलॉव्ह यांच्या हाताखाली शिकत होते. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभारली. खोलीत माणूस आला की कुत्र्याच्या हृदयाचे ठोके बदलतात आणि त्याने थोपटले की ठोके उतरतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे नोंदवले. याला त्यांनी 'व्यक्तीचा परिणाम' असे साधे नाव दिले.

मग १९६७ साल आले. त्या एकाच वर्षी कुत्र्यांवरचे दोन वेगळे शोधनिबंध छापले गेले, आणि माझ्या मते आपल्या विषयाचा गाभा त्या दोहोंच्या मधोमध आहे. पहिला पेनसिल्व्हेनियाच्या सेलिग्मन आणि मायर यांचा. ज्या कुत्र्यांना काहीही केले तरी विजेचा धक्का चुकवता येत नव्हता, ती पुढे धक्का सहज चुकवता येईल अशा जागी ठेवली, तरी त्यांतली बरीचशी उठलीच नाहीत. एक बुटके कुंपण ओलांडले की सुटका होती, पण ती पडून राहिली. याला पुढे 'शिकलेली असहायता' म्हणू लागले. दुसरा निबंध गँट यांच्या परंपरेतल्या जेम्स लिंच आणि मॅकार्थी यांचा. धक्का येणार अशी सूचना देणारा आवाज झाला की कुत्र्याचे हृदय धडधडे. त्याच वेळी माणूस त्याला थोपटत असला, तर ती धडधड पुष्कळ कमी होई.

दोन्ही निबंधांतली कुत्री पाहणाऱ्याला गप्पच दिसली असती. पहिले कुत्रे गप्प होते कारण आपल्या हालचालीने काही बदलत नाही हे ते शिकले होते. दुसरे गप्प होते कारण संकटात ते एकटे नव्हते. हे प्रयोग वाचताना माझ्या पोटात कालवते. पण ज्या मुक्या जिवांनी हे सोसले, त्यांच्याकडून मिळालेले ज्ञान वापरायचेही नाही, हा दुसरा अपराध होईल. आणखी एक गोष्ट पुढच्या वर्षी कळली. पडून राहणाऱ्या त्या कुत्र्यांना दोरीने धरून सुरक्षित बाजूला पुन्हा पुन्हा नेले, तेव्हा ती हळूहळू आपण होऊन जाऊ लागली. आपल्या पायांनी काही घडते, हे त्यांच्या अंगाला पुन्हा कळावे लागले.

अंगाला कळणे, हे शब्द उच्चारले की मोशे फेल्डनक्राइस यांचे नाव घ्यावे लागते. १९०४ साली आजच्या युक्रेनमधल्या एका गावी जन्मलेला हा ज्यू मुलगा किशोरवयातच पॅलेस्टाइनला गेला. पुढे पॅरिसमध्ये तो अभियंता आणि शास्त्रज्ञ झाला, जोलिओ-क्युरी यांच्या प्रयोगशाळेत राबला आणि ज्युदोचे जनक कानो यांच्या प्रेरणेने ज्युदो शिकला. १९४० मध्ये नाझी फौजा आल्या तेव्हा तो इंग्लंडला निसटला आणि तिथे पाणबुड्या शोधण्याच्या कामात होता. फुटबॉल खेळताना दुखावलेला गुडघा त्रास देऊ लागला, तेव्हा त्याने स्वतःच्या चालण्याचाच अभ्यास मांडला. त्यातून जी पद्धत निघाली तिचे सार असे : शरीराला नेहमीच्या सवयीबाहेरची, हलकी, न दुखणारी हालचाल दाखवा. मज्जासंस्था तिच्याकडे लक्ष देते आणि नवे काही शिकते. जोर लावला की ती शिकत नाही, फक्त विरोध करते.

लिंडा टेलिंग्टन-जोन्स ही कॅनडात १९३७ साली जन्मलेली घोडेस्वार. १९६५ मध्ये तिने पतीसह शर्यतीच्या घोड्यांच्या मालिशीवर पुस्तक लिहिले होते. आपले आजोबा रशियात झारच्या काळात घोडे तयार करत होते आणि तिथल्या भटक्या लोकांकडून ते रोज अंग चोळण्याची रीत शिकले, असे ती सांगते. म्हणजे इथेही मूळ गुरू एखादा नाव नसलेला मोतद्दारच! १९७५ साली ती सॅन फ्रान्सिस्कोला फेल्डनक्राइस यांच्या वर्गात दाखल झाली. तो वर्ग माणसांसाठी होता. तिने तो धडा घोड्यांवर लावून पाहिला, आणि १९८३ च्या सुमारास तिच्या पद्धतीचे आजचे रूप ठरले. पुढे ते कुत्र्या-मांजरांपर्यंत आले.

ते रूप अगदी सोपे आहे. जनावराच्या अंगावर घड्याळाची तबकडी आहे अशी कल्पना करायची. बोटे सहाच्या जागी ठेवायची आणि खालच्या स्नायूवर दाब न देता फक्त कातडी हलवत काट्याच्या दिशेने एक पूर्ण फेरी, आणि वर थोडे पुढे, आठ-नऊपर्यंत जायचे. मग हात क्षणभर थांबवायचा, उचलायचा आणि दुसऱ्या जागी ठेवायचा. त्याच जागी गोल गोल घासत राहायचे नाही. दाब किती? मिटलेल्या पापणीवरची कातडी हलवताना जेवढा लागेल तेवढ्यापासून सुरुवात. कानाला मुळापासून टोकापर्यंत हळू ओढ द्यायची. यात बांधणे नाही, पाडणे नाही, आणि जनावर बाजूला सरकले तर त्याला सरकू द्यायचे. रेरीच्या पद्धतीचा दुसरा भाग पहिल्या भागावाचून उभा राहू शकतो, हे या बाईने दाखवले.

आता पुराव्याचा प्रश्न. मी ज्या पॅथीचा व्यवसाय करतो, तिला हा प्रश्न चाळीस वर्षे माझ्या तोंडावर विचारला गेला आहे. त्यामुळे दुसऱ्याच्या दाव्याला तो विचारताना मला संकोच वाटत नाही. या वर्तुळांमुळे पेशी पेशींशी बोलतात वगैरे जे म्हटले जाते, ते सिद्ध झालेले नाही. सव्वा फेरीच का, पाऊण का नाही, याचेही शास्त्रीय कारण दाखवलेले नाही. पण हळुवार स्पर्शाने ताण उतरतो, ही गोष्ट मात्र वर्तुळांच्या बाहेर, स्वतंत्रपणे मोजली गेली आहे.

१९९३ मध्ये फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ती जागा ठरलेली असते : मान जिथे पाठीला मिळते तो उंचवटा आणि त्याच्या पुढचा भाग. अभ्यासकांनी तिथे हाताने खाजवले तेव्हा घोड्याच्या हृदयाचे ठोके दहा टक्क्यांहून अधिक उतरले. दुसऱ्या जागी खाजवले तेव्हा तसे झाले नाही. झेनोफोनने मोतद्दाराला जागा निवडून दिली होती, ती उगाच नव्हे.

कुत्र्यांची गोष्ट अमेरिकेतल्या ओहायोतली. तिथल्या सरकारी निवाऱ्यातल्या कुत्र्यांवर हेनेसी आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात काम केले. रक्त काढल्यानंतर कुत्र्याच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते. स्त्रियांनी थोपटले तर ती वाढ आटोक्यात राही, पुरुषांनी थोपटले तर तितकी नाही. मग पुरुषांना तसेच लांब, सावकाश हात फिरवायला आणि मऊ आवाजात बोलायला शिकवले. फरक नाहीसा झाला. म्हणजे गुण हात कोणाचा यात नव्हता, तो कसा फिरतो यात होता, आणि ते शिकता येते.

यामागे शरीररचनाही आहे. १९३९ साली झॉटरमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने मांजराच्या कातडीत अतिशय सावकाश संदेश नेणारे बारीक तंतू नोंदवले, जे वेदनेला नव्हे तर हलक्या स्पर्शाला जागे होतात. माणसाच्या केसाळ त्वचेतही ते असल्याचे पुढे सापडले. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या वेगाने हात फिरला तर ते सर्वांत चांगले बोलतात. आई बाळाला थोपटून झाल्यावर ज्या वेगाने हात फिरवते, तो वेग हाच.

श्रोतेहो, हा इतिहास संपलेला नाही, तो लग्नसराईत आपल्या दाराशी उभा असतो. वरातीची घोडी पाहा. कानाशी बँड, पायाशी फटाके, डोळ्यांवर दिवे, तोंडात करकचून ओढलेली लगामाची कडी. तरी ती जागची हलत नाही आणि आपण म्हणतो, किती गरीब घोडी आहे! तिचे कान पाहा. ते मागे दबलेले असतील, डोळ्याचा पांढरा भाग दिसत असेल आणि खालचा ओठ ताठ असेल, तर ती शांत नाही. ती १९६७ च्या पहिल्या निबंधातली आहे. तिच्या मानेवर प्रेमाने हात फिरवून हे निस्तरत नाही. आधी फटाके बंद करावे लागतात, लगाम सैल करावा लागतो, मग हाताला अर्थ येतो. भय कायम ठेवून केलेला दिलासा म्हणजे रेरीचा पट्टाच, फक्त दिसत नाही इतकेच.

दिवाळीत पलंगाखाली शिरणाऱ्या घरच्या कुत्र्यालाही हेच लागू आहे. त्याला ओढून बाहेर काढू नका. खिडक्या लावा, जवळ जमिनीवर बसा. डोक्यावर वरून हात आणू नका, तो हल्ल्यासारखा वाटतो. छातीला किंवा मानेच्या बाजूला सावकाश दोन-तीनदा हात फिरवा आणि थांबा. तो जवळ सरकला तर पुढे चला. त्याने तोंड वळवले, ओठ चाटले, विनाकारण जांभई दिली तर ते 'नको' आहे, ते माना. अनोळखी रस्त्यावरच्या कुत्र्यावर हा प्रयोग करू नका. चावा बसला तर जखम साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच रेबीजच्या लशीसाठी जा. तिथे माझ्या गोळ्या चालणार नाहीत, आणि हे मी डॉक्टर म्हणूनच सांगतो. जनावर एकाएकी चिडके झाले, हात लावू देईना, तर आधी पशुवैद्याला दाखवा. दुखऱ्या जागेला दिलासा नको असतो, उपचार हवा असतो.

आमच्या पॅथीचे जनक हानेमान यांनी १७९२ साली जर्मनीतल्या गेओर्गेंथाल इथे क्लॉकेनब्रिंग नावाच्या एका वेड लागलेल्या सरकारी अधिकाऱ्यावर उपचार केले. वेड्यांना साखळ्या आणि फटके हीच तेव्हाची रीत होती. हानेमान यांनी दोन्ही नाकारले, आधी काही दिवस औषधही न देता त्याला नुसते पाहिले. बांधायचे नाही, मारायचे नाही, पाहायचे. कुठल्याही ठाणावरचा चांगला मोतद्दार पहिल्या दिवशी नव्या घोड्याशी असाच वागतो. तो हात पुढे करतो, पण अंगाला लावत नाही. घोडा वास घेईपर्यंत तो वाट पाहतो.

आपल्या पूर्वजांनी पागा सांभाळल्या, हा अभिमान आपण बाळगतो, तो बाळगावाच. पण त्या वारशातला हिशेब पागनिसाकडे होता आणि विद्या मोतद्दाराकडे होती. हिशेबाच्या वह्या दफ्तरखान्यात गेल्या. विद्या मात्र कोणाच्याही हाताला अजून शिकता येते. त्यासाठी घोडा असावा लागत नाही, वाट पाहायची तयारी असावी लागते.